बेथेलची तयारी

जालन्याचा जुना लौकिक 'जालना सोने का पालना' या एका ओळीत सामावतो. कुंडलिकेच्या काठची बाजारपेठ, कापूस आणि धान्याचा व्यापार, निजामी अंमल, आणि १८०३ साली भोकरदनजवळच्या असईला झालेली लढाई, एवढ्यावर जिल्ह्याचा इतिहास बहुधा सांगून होतो. शहराजवळच बेथेल नावाची एक वस्ती एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. तिचा उल्लेख झालाच तर 'गोऱ्या मिशनऱ्यांचं काम' म्हणून एका वाक्यात आटोपतो. हे वाक्य मला पटत नाही. धर्मप्रसारासाठी घर सोडून समुद्रापार निघालेली जोडपी महाराष्ट्रात आली, त्यांची निष्ठा खरी होती आणि त्यांचे हालही खरे होते. पण त्यांनी मायदेशात केलेली तयारी इथल्या मातीत उतरताच अपुरी ठरली. ती पुरी केली इथल्याच माणसांनी. जालन्यात तर ती माणसे केवळ मदतनीस राहिली नाहीत, काम त्यांनीच उभे केले.

आधी ती तयारी कशी असे ते पाहू. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना धर्मसेवेची दीक्षा देऊन पूर्वेकडे रवाना करण्यात आले. त्यांपैकी अ‍ॅडोनिराम जडसन याचा विवाह आदल्याच दिवशी झाला होता. सॅम्युअल नॉट आणि सॅम्युअल न्यूएल यांच्याही पत्नी बरोबर निघाल्या. गॉर्डन हॉल मात्र एकटा होता. लग्न आणि प्रस्थान यांत दिवसांचेच अंतर असणे त्या काळी नवलाचे नव्हते. स्कॉटलंडच्या जॉन विल्सन आणि मार्गारेट बेन यांनी १८२८च्या ऑगस्टमध्ये लग्न केले आणि तो महिना सरायच्या आत मुंबईची वाट धरली. मिशन मंडळांना विवाहित उमेदवार हवे असत, आणि त्यामागे हिशेब होता. परमुलखात घर चालले पाहिजे, आजारपणात माणूस जवळ पाहिजे, आणि परक्या पुरुषाला जिथे पाऊलही ठेवता येत नाही त्या माजघरात बाईला शिरता येते. तरी कागदोपत्री या बायकांना अमेरिकन मंडळ 'सहायक' एवढेच म्हणे. धर्मशास्त्र, ग्रीक, हिब्रू, प्रवचनाचा सराव, आईबापांचा निरोप आणि परत येऊ याची खात्री नसताना बांधलेले सामान, ही त्यांची तयारी. ती मनापासून केलेली होती, तिला हलके लेखण्याचे कारण नाही.

पण पुढे काय झाले? सॅम्युअल न्यूएलची पत्नी हॅरिएट भारतात स्थिरावू शकलीच नाही. कंपनी सरकारने राहू दिले नाही म्हणून पुढचा प्रवास करावा लागला. त्या प्रवासात तिचे नवजात मूल गेले, आणि १८१२च्या नोव्हेंबरअखेर, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशसला तिचाही अंत झाला. हॉल आणि नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, तर त्यांनाही निघून जाण्याचा हुकूम होता. गव्हर्नर इव्हान नेपियन यांनी दिरंगाई चालू दिली म्हणून ते टिकले. नॉट आजारी पडून दोनेक वर्षांत परतला. हॉलने मुंबईत तेरा वर्षे काढली आणि १८२६च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या फेरीवरून परतताना पटकीने त्याचा प्राण घेतला. मार्गारेट विल्सनने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, मराठी शिकली, आणि १८३५च्या एप्रिलमध्ये तीही गेली. १८३७ साली तिच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे, त्याच कामासाठी त्याच शहरात आल्या. हे सगळे वाचताना या माणसांविषयी आदर वाटतो. पण इतिहास लिहिताना आदर पुरत नाही. त्यांना तगवले कशाने आणि त्यांच्या हातून काम झाले कसे, हे विचारावे लागते.

ते काम झाले मराठीमुळे, आणि मराठी स्कॉटलंडमध्ये शिकता येत नव्हती. विल्सन पतिपत्नी मुंबईला उतरल्यावर कोकणात बाणकोट-हर्णैला जाऊन राहिले ते भाषेसाठीच. स्कॉटिश मिशनची ठाणी तिथे आधीच होती आणि मुंबईच्या गर्दीपेक्षा तिथे कानावर मराठी अधिक पडे. विद्यापीठातून पदवी घेऊन आलेल्या माणसाला तिथे पुन्हा मुळाक्षरे गिरवावी लागली. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते की कर्माप्रमाणे, 'तू' कुणाला म्हणायचे आणि 'आपण' कुणाला, कुठला शब्द देवळात चालतो आणि कुठला बाजारात, हे शास्त्री-पंडितांनी आणि घरातल्या गडीमाणसांनी शिकवले. केरीच्या १८०५च्या मराठी व्याकरणामागे वैजनाथ पंडितांचे ज्ञान होते. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशात मराठी शब्दांची जी रास आहे ती इथल्या पंडितांनीच गोळा करून दिली. १८२६ साली मराठी नवा करार छापला गेला तोही अशाच मदतीवर. परदेशी जोडप्याच्या तयारीचा उत्तरार्ध असा इथल्या ओसरीवर घडत होता.

जालन्याची कथा याच्याही एक पाऊल पुढे जाते. नारायण शेषाद्री हे मराठी ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपती मिशनरींच्या घरी राहायला गेला. तो अज्ञान होता, म्हणून वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या हवाली केले. श्रीपतीला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका घरातल्या दोन भावांच्या वाटा अशा फुटल्या आणि सारी मुंबई त्यावर दोन्ही बाजूंनी बोलत राहिली. या आगीतून निघालेल्या नारायणरावांना १८५४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी आपले क्षेत्र म्हणून निवडले जालना. हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानचा नव्हता. इथे निजामाचा अंमल, उर्दू-फारसीत चालणारा दरबार, वेगळा कायदा. मुंबईच्या पाळकालाही ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचीच गोष्ट होती. पण त्यासाठी लागणारी खरी तयारी त्यांच्याजवळ जन्मापासून होती. गावगाडा कसा चालतो, बलुते म्हणजे काय, वेशीबाहेरच्या वस्तीला कोणत्या गोष्टीची वानवा आहे, हे त्यांना कुणी पढवावे लागले नाही.

बेथेलची आखणी पाहिली की हे ज्ञान दिसते. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या कारकिर्दीत सरकारकडून जमीन मिळवून नारायणरावांनी तिथे ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसवले. येणाऱ्यांत मांग आणि महार कुटुंबे पुष्कळ होती. दोरखंड वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, गावची पडेल ती कामे करावीत आणि सुगीला बलुत्याच्या वाट्यासाठी खळ्यावर उभे राहावे, हा त्यांचा जुना क्रम. गावच्या विहिरीवर त्यांचा पोहरा चालत नसे. अशा माणसाला निव्वळ प्रवचन दिले तर ते ऐकून तो संध्याकाळी पुन्हा त्याच वेशीबाहेर जाणार. म्हणून जमीन हवी होती, आपली म्हणावी अशी विहीर हवी होती, मुलांना शाळा हवी होती, आणि या सगळ्याच्या मधोमध चर्च. एडिंबरोच्या कोणत्याही पाठ्यक्रमात हा धडा नव्हता. तो गावगाड्याच्या आत वाढलेल्या माणसालाच सुचू शकत होता.

यावर पहिला आक्षेप असा की पैसा शेवटी परदेशचाच होता आणि जालन्याला १८२७पासून हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी होती. सत्तेच्या सावलीत केलेल्या कामाला स्वतंत्र म्हणायचे कसे? आक्षेपात तथ्य आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या आधाराविना बेथेल उभे राहिले नसते, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची पलटण जवळ असणे कुठल्याही पाळकाला सोयीचेच होते. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. जमीन इंग्रजांनी दिली नाही, एका मुसलमान राज्यकर्त्याच्या सरकारने दिली, आणि ती एका मराठी माणसाने मागून मिळवली. पैशाचा प्रवाहही आपोआप वाहत नव्हता. तो आणायला नारायणराव स्वतः समुद्र ओलांडून गेले. १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली तेव्हा ते तिथे होते. तिकडच्या श्रोत्यांना हिंदुस्थान कसा आहे हे त्यांनी सांगितले. साठ वर्षांपूर्वी सेलमहून जोडपी इकडे निघाली होती. आता इकडचा माणूस तिकडे जाऊन बोलत होता. १८९१ साली त्यांना मृत्यू आला तोही अशाच परदेशप्रवासात. दाता आणि याचक एवढ्या दोन खणांत हे नाते बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जमीन, विहीर, शाळा ही आमिषेच नव्हेत काय? भाकरीसाठी धर्म बदलला असे लोक तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. कुणी पोटासाठी आलेच नसेल असे मी म्हणणार नाही. दुष्काळ वारंवार पडणाऱ्या या मुलखात पोट ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. पण हा आक्षेप घेणाऱ्याने आपल्याही बाजूचा हिशेब मांडावा. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या जमीन दिली नाही, पाणी दिले नाही, अक्षर दिले नाही, त्याने दुसऱ्याने ते दिल्यावर त्याला आमिष म्हणावे हे न्यायाला धरून नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना स्वतःची शाळा काढण्याची उमेद आली. त्यांनी धर्म बदलला नाही, पण हा प्रश्न नेमका कुठे आहे ते ओळखले. राहिला घरे फुटण्याचा मुद्दा. श्रीपतीच्या वडिलांचे दुःख खरे होते, आणि अज्ञान मुलाला घरापासून दूर ठेवण्याचा मिशनरींचा आग्रह चुकीचा होता असेच मला वाटते. बेथेलचे श्रेय मान्य करताना ही बाजू झाकून ठेवण्याची गरज नाही.

ही वाट पुढे कशी उलटली याचा एक पुरावा मुंबईत सापडतो. सुमंतराव आणि गुरुबाई करमरकर हे मराठी ख्रिस्ती दांपत्य अमेरिकेला गेले. सुमंतरावांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गुरुबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. १८९०च्या दशकात परत येऊन दोघांनी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. परदेशी जाण्याची तयारी, सामान, निरोप सगळे तेच होते, फक्त दिशा बदलली होती, आणि बायको 'सहायक' राहिली नव्हती. रोग्याची नाडी पाहणाऱ्या गुरुबाईंना भाषांतरकार लागत नव्हता. बाईला माजघरात जाता येते हा मंडळांचा जुना हिशेब इथे पुरा झाला, तोही इथल्याच बाईकडून.

म्हणून बेथेलला जालन्याच्या इतिहासात पाहुण्याची जागा देऊ नये. १९०३ साली जालन्यातून फौज हलली, निजामी गेली, १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकर्ते बदलत गेले, आणि परक्या सत्तेच्या आधाराशिवायही ख्रिस्ती समाज या जिल्ह्यात राहिला. तो परदेशी जोडप्यांच्या त्यागावर जितका उभा आहे, त्याहून अधिक एका मराठी पाळकाच्या गावगाड्याच्या जाणिवेवर आणि आपल्या विहिरीसाठी जात, गाव, बलुते सोडायला तयार झालेल्या कुटुंबांच्या धैर्यावर उभा आहे. चर्चमधल्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या, दफनभूमीतले दगड, जमिनीचे जुने कागद हे सारे जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे अस्सल साधन आहे. ज्या घराण्यांना महसुली दप्तराने नावाने क्वचितच ओळखले, त्यांची नावे अशा वह्यांत पिढीमागून पिढी मिळतात. जालन्याच्या अभ्यासकांनी असईच्या रणभूमीइतक्याच आस्थेने ही साधने जपावीत आणि वाचावीत. लढाईने राज्य कुणाचे हे ठरवले. त्या राज्यात शेवटच्या माणसाला पाणी कुठे मिळाले, हे सांगणारा कागदही तितकाच मोलाचा आहे.