नया पैसा, न्यू पेनी आणि आजोबांची पेटी

१/ दिंडोरीसारख्या गावातील जुन्या घरात आजोबांच्या पेटीतून नाण्यांची पुरचुंडी निघते, तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात : ही नाणी कोणती आणि त्यांचे मोल किती? उत्तर चुकले तर खरी चांदी मोडीत जाते, नाहीतर साध्या नाण्यापायी घर फसवले जाते.

२/ प्रथम वर्ष पाहावे. १ एप्रिल १९५७ रोजी भारताने दशमान नाणेपद्धती स्वीकारली. तोवर रुपया १६ आण्यांचा, ६४ पैशांचा, १९२ पैंचा होता. आता तो १०० पैशांचा झाला. पावली २५ पैशांत आणि अधेली ५० पैशांत नेमकी बसली. आणा मात्र सव्वासहा पैशांचा ठरला आणि हिशेबात वाद वाढले.

३/ जुना पैसाही चलनात असल्याने नाण्यांवर ‘नया पैसा’ ही अक्षरे आली. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द वगळला गेला.

४/ ब्रिटनने हेच पाऊल १४ वर्षांनंतर, १५ फेब्रुवारी १९७१ रोजी उचलले. २४० पेन्सचा पौंड १०० ‘न्यू पेन्स’चा झाला. १९८२ पासून तेथेही ‘न्यू’ गळाला. १९८३ च्या काही दोन पेन्स नाण्यांवर मात्र चुकून जुनाच ‘न्यू पेन्स’ मजकूर उमटला. संग्राहक शोधतात ते हे नाणे. १९७१ चे तसे नाणे सर्वसामान्यच.

५/ पेटीतील ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया वेगळा. १९३९ पर्यंतच्या ११.६६ ग्रॅम वजनाच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही.

६/ दशमान नाण्यांवर वर्षाखालची खूण पाहावी. चौकटीच्या आकाराची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा. खूण नसेल तर टांकसाळ कोलकात्याची.

७/ केवळ वयाने मोल वाढत नाही. दुर्मीळता, स्थिती आणि मागणी या तिन्हींवर ते ठरते. म्हणूनच चिंच लावून नाणे घासू नये. झळाळी येते, पण मोल उतरते.

८/ जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला. ‘लाखो मिळतील, आधी शुल्क भरा’ असे कोणी सांगितले, तर तेथेच थांबावे.

९/ नाशिक जिल्ह्याला नाण्यांचा वारसा जुना आहे. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती आणि तिचा चांदवडी रुपया प्रसिद्ध होता. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. तेव्हा पुरचुंडी सोडताच प्रत्येक नाण्याचे वर्ष, वजन, खूण आणि ते घरात कसे आले याची आठवण कागदावर टिपावी. नाणे पुढे विकले गेले, तरी घराचा इतिहास घरातच राहील.