लस घेऊनही कोरोना का झाला? आजीचा प्रश्न आणि सर्दीचं हॉस्पिटल

जानेवारी २०२२ आठवतोय? ओमायक्रॉनची लाट. आमच्या घरात सगळ्यांचे दोन-दोन डोस झालेले, तरी आठवड्याभरात पाचही जण पॉझिटिव्ह. दोन दिवस ताप, घसा बसला, खोकला, आणि संपलं. बूस्टरचा विषय निघाला तेव्हा आजीनं मला धरलं, "अरे, झालाच ना कोरोना? मग त्या दोन सुया टोचून घेतल्या कशाला?" आजोबा सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानंच गेले होते. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे गमतीचा नव्हता, आणि माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

उत्तर शोधत मी पोचलो इंग्लंडमधल्या सॉल्सबरीला. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेड क्रॉस यांनी तिथं एक हॉस्पिटल उभारलं होतं. युद्ध संपलं, आणि १९४६ मध्ये त्याच इमारतींत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं 'कॉमन कोल्ड युनिट' सुरू केलं. काम एकच, साधी सर्दी समजून घेणं. आणि पद्धत काय, तर धडधाकट माणसांना बोलवायचं आणि मुद्दाम सर्दी द्यायची!

लोक यायचे, बरं का. साधारण दहा दिवस राहायला-खायला फुकट, वर थोडा हातखर्च. दोघं-तिघं मिळून एका खोलीत, बाकीच्यांपासून लांब. फिरायला जा, पण कुणाच्या जवळ जायचं नाही. नाकात थेंब टाकायचे; काहींच्या थेंबांत विषाणू, काहींच्या थेंबांत नाही. मग रोज नाक पुसलेले कागदी रुमाल मोजायचे. हो, खरंच मोजायचे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका शाळकरी मुलाच्या नाकातून घेतलेला नमुना या मंडळींकडे आला. बी ८१४ असा त्याचा क्रमांक. त्यानं सर्दी व्हायची, पण विषाणू प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीनं वाढेना. युनिटच्या डेव्हिड टायरेल यांनी तो शेवटी श्वासनलिकेच्या जिवंत तुकड्यांवर वाढवला आणि पाहण्यासाठी जून अल्मेडा यांच्याकडे पाठवला. अल्मेडा ग्लासगोच्या, बस ड्रायव्हरची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली. पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर त्यांचा हात असा बसला होता की भले भले प्राध्यापक आपले नमुने त्यांच्याकडे आणत. याआधी त्यांनी कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या आजारांत तसलेच विषाणू पाहिले होते, पण ते फ्लूच्या विषाणूचे खराब फोटो आहेत म्हणून त्यांचा लेख परत आला होता. आता माणसाच्या नाकातही तेच दिसलं: गोल कण आणि भोवती काट्यांचं कडं. त्यावरून १९६८ मध्ये या कुटुंबाला नाव मिळालं, कोरोनाव्हायरस.

ते काटे लक्षात ठेवा. पुण्यात बनलेली कोविशील्ड आपल्या शरीराला नेमका तोच काटा दाखवते. अख्खा विषाणू नाही, फक्त काटा बनवण्याची कृती.

आता आजीच्या प्रश्नाकडे. १९९० मध्ये या युनिटच्या संशोधकांनी एक लेख छापला. १५ जणांच्या नाकात २२९ई नावाचा, सर्दी करणारा कोरोनाव्हायरस सोडला होता. १० जणांना संसर्ग झाला, त्यातल्या ८ जणांना सर्दी. त्यांच्या अँटिबॉडी आठवड्याभरात वाढू लागल्या, आणखी आठवड्यानं कळसाला पोचल्या आणि मग हळूहळू उतरत गेल्या. वर्षानं पुन्हा बोलावून तोच विषाणू पुन्हा नाकात. काय झालं? काहींना परत संसर्ग झाला. पण विषाणू कमी दिवस टिकला, आणि सर्दी? एकालाही नाही.

म्हणजे 'विषाणू शिरणं' आणि 'आजारी पडणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हीला एकच 'कोरोना झाला' म्हणतो, तिथंच घोटाळा होतो.

नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरावर अँटिबॉडी असतील तर विषाणू दारातच अडतो. पण तिथला साठा काही महिन्यांत ओसरतो. शिवाय दंडात टोचलेली लस रक्तात भरपूर अँटिबॉडी तयार करते, नाकात मात्र फारशा नाही. त्यात ओमायक्रॉननं काट्याचा आकारच बराच बदलून टाकला. दार उघडं. पण आत काय चालू असतं? पहिल्या भेटीत तयार झालेल्या स्मृतिपेशी जाग्या होतात. बी पेशी नव्या अँटिबॉडी बनवतात, टी पेशी विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी शोधून मारतात. टी पेशी काट्याचे बरेच वेगवेगळे तुकडे ओळखतात, त्यामुळे आकार बदलला तरी त्या सहसा फसत नाहीत. फक्त या सगळ्याला काही दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू नाक-घसा जिंकतो, फुप्फुसापर्यंत पोचता पोचता गाठला जातो.

गोवरात असं का होत नाही? १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरला दिसलं, की १७८१ च्या साथीत गोवर झालेले म्हातारे ६५ वर्षांनीही सुटले होते. गोवर अंगभर पसरायला दहा-बारा दिवस घेतो, स्मृतिपेशींना तयारीला वेळ मिळतो. कोरोनाव्हायरसला दोन-चार दिवस पुरतात, आणि त्याचं काम तर नाकातच सुरू होतं.

एक सांगायलाच हवं. सॉल्सबरीचे लोक निरोगी होते आणि तो विषाणू सौम्य. आणि ओमायक्रॉनही डेल्टापेक्षा सौम्यच होता. आजोबा गेले आणि आजी तरली, त्याचं सगळं श्रेय मी दोन सुयांना देणार नाही. एका घरावरून काही सिद्ध होत नाही. पण २०२० मध्ये आजोबांचं शरीर तो काटा पहिल्यांदाच बघत होतं. आजीच्या शरीरानं तो आधी दोनदा बघितला होता.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एकदा सर्दी देऊन सोडलं, तरी ती माणसं परत गेली? पैसे किती द्यायचे?"

बूस्टर तिनं घेतला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.