वस्ती, वर्ग आणि विद्यार्थी : एका अभ्यासक्रमाची कुळकथा

ज्या विषयाला आज विद्यापीठांच्या दफ्तरी नागरी समुदाय, सामाजिक समस्या आणि विद्यार्थी-विकास अशी तीन निरनिराळी नावे, तीन निरनिराळी खाती आणि बहुधा तीन निरनिराळ्या परीक्षा आहेत, तो विषय जन्माला आला तेव्हा एकच होता. आणि त्याचा जन्म विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर शहराच्या अत्यंत गलिच्छ गणल्या गेलेल्या मोहल्ल्यांत झाला, ही गोष्ट त्याच्या कुळाची चौकशी करू लागल्याबरोबर प्रथम ध्यानात येते.

या कुळाचा मूळ पुरुष शोधावयाचा तर पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या वस्तीत जावे लागते. तेथे 1884 साली सॅम्युएल बार्नेट हे धर्मोपदेशक आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी एक वसतिगृहवजा वास्तू उभी केली आणि आदल्याच वर्षी ऐन तारुण्यात निवर्तलेल्या अर्नोल्ड टॉयन्बी या अर्थेतिहासकाराचे नाव तिला दिले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील तरुणांनी या 'टॉयन्बी हॉल'मध्ये येऊन राहावे, दिवसा आपापला व्यवसाय करावा आणि सायंकाळी शेजाऱ्यांसाठी वर्ग, व्याख्याने, चर्चा चालवाव्यात, अशी ती योजना होती. वरकरणी ती गरिबांच्या उद्धाराची दिसे. परंतु पैशाच्या दानाने देणारा आणि घेणारा या दोघांचीही हानी होते असे मानणाऱ्या बार्नेट यांचा डोळा जितका वस्तीवर होता तितकाच, किंबहुना काकणभर अधिक, त्या तरुणांवर होता. उद्या जे कायदे करणार, खाती सांभाळणार, न्यायासनावर बसणार, त्यांनी दारिद्र्याचा शेजार अनुभवल्यावाचून राज्यकारभार हाती घेऊ नये, हा त्यांचा अभिप्राय. ज्याला आज विद्यार्थी-विकास म्हणतात तो या कुळात मागाहून दत्तक आलेला नसून घरातलाच ज्येष्ठ पुत्र आहे, हे यावरून दिसून येईल.

याच काळात चार्ल्स बूथ या गलबतांच्या व्यापाऱ्याने लंडनच्या दारिद्र्याची मोजदाद करण्याचा चंग बांधला, आणि टॉयन्बी हॉलचे काही रहिवासी त्याला साहाय्यक म्हणून लाभले. शाळा-मंडळाचे जे कारकून मुलांच्या हजेरीसाठी घरोघर हिंडत, त्यांना प्रत्येक बिऱ्हाडाची मिळकत, माणसे आणि व्यसने तोंडपाठ असत. बूथच्या मंडळींनी त्यांना समोर बसवून रस्त्यामागून रस्ता लिहून काढला आणि मग नकाशावर प्रत्येक रस्ता रंगविला. श्रीमंतांचा पिवळा, सुखवस्तूंचा तांबडा, त्याखाली गुलाबी, जांभळा, मग निळ्याच्या दोन छटा आणि अगदी तळाच्या लोकांचा काळा! या रंगयोजनेत तळच्या माणसांविषयीचा तत्कालीन तुच्छताभावही उमटला आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि दारिद्र्य ही नशिबाची अथवा दुर्गुणांची बाब नसून मोजता येण्याजोगी वस्तुस्थिती आहे, ही दृष्टी त्या नकाशाने दिली. सतरा खंडांच्या त्या प्रचंड कैफियतीपासून नागरी पाहणीचे शास्त्र सुरू झाले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

टॉयन्बी हॉल पाहून परतलेल्या जेन अॅडम्स यांनी एलन गेट्स स्टार या मैत्रिणीसह 1889 साली शिकागोत 'हल हाउस' उघडले. तेथील स्त्रियांनी सभोवारच्या स्थलांतरितांची मजुरी आणि मूळ देश यांचे घरवार नकाशे 1895 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्राचा विभाग अवघा तीन वर्षांचा होता. पुढे त्याच विभागात रॉबर्ट पार्क या एकेकाळच्या वृत्तपत्री बातमीदाराने विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून उठवून रस्त्यावर धाडण्याचा शिरस्ता पाडला. परंतु येथेच या कुळाची पहिली वाटणीही झाली. 1920 मध्ये त्या विद्यापीठाने समाजसेवेच्या प्रशासनाचे स्वतंत्र विद्यालय आपल्या पदरी घेतले, आणि शहर पाहणे हा एका खात्याचा, तर शहरातील दुःख निवारणे हा दुसऱ्या खात्याचा जिम्मा ठरला.

मुंबईतील शाखेचा इतिहासही सेवेपासूनच आरंभतो. 1896 च्या प्लेगने गिरणगावातील कोंदट खोल्या सरकारच्या डोळ्यांत भरल्या आणि दोन वर्षांत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पण ट्रस्टची दृष्टी घरांवर होती, राहणाऱ्यांवर नव्हती. ती उणीव भरून काढण्याचा यत्न गोखल्यांच्या भारत सेवक समाजातून आलेल्या ना. म. जोशी यांनी केला. 1911 साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांच्या निमित्ताने सुशिक्षित तरुण चाळींचे जिने चढू लागले. या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र नावाचा विभागच नव्हता.

तो आला 1919 मध्ये, समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र अशा जोडनावाने, आणि त्याच्या पहिल्या आसनावर बसले पॅट्रिक गेडीज. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ लग्नानंतर एडिंबरोच्या जुन्या, मोडकळीस आलेल्या भागात सपत्नीक बिऱ्हाड करून राहिले होते, आणि विद्यार्थ्यांनीच कारभार पाहावा अशी वसतिगृहे त्यांनी तेथे 1887 पासून चालविली होती. 1914 साली ते हिंदुस्थानात आले. बोटीने मागाहून येत असलेले त्यांचे नगरविषयक प्रदर्शन 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने समुद्रात बुडविले, तरी खचून न जाता त्यांनी नवी सामग्री जमवून दुसऱ्याच वर्षी मद्रासेत ते मांडले. शहराची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी, म्हणजे आधी पाहणी आणि मग योजना, हा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या अध्यापनाची रीत कशी होती, हे होळकरांच्या इंदुरातील एका प्रसंगावरून कळते. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि जाहीर केले की, दिवाळीची मिरवणूक यंदा ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या आळ्यांतली घरे झाडूनपुसून दुरुस्त झालेली असतील त्या आळ्यांतून ती जाईल. झाले! ढिगांनी कचरा बाहेर पडला, भिंतींना चुना लागला, आणि ठरल्या दिवशी जी मिरवणूक निघाली तीत प्लेगच्या उंदरांची सोंगे होती, रोगराईचे राक्षस होते, आणि पांढरीशुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले शहराचे झाडूवाले मानाने चालत होते. ज्यांची सावली टाळली जात होती त्यांना मिरवणुकीत मानाचे स्थान देणे, हा नागरिकशास्त्राचा जो पाठ त्या दिवशी दिला गेला, तो शंभर व्याख्यानांनी साधता ना.

गेडीज 1924 मध्ये मुंबई सोडून गेले, आणि त्यांनीच निवडून विलायतेस धाडलेले, मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये विभागाचे प्रमुख झाले ते 1959 मध्ये निवृत्त होईपर्यंत. घुर्ये हे पिंडाने संस्कृतज्ञ. केंब्रिजला रिव्हर्स यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकून आलेले. गेडीज यांच्या नगररचनेपेक्षा जात, नाते, गोत्र यांच्या दीर्घ परंपरेकडे त्यांचा ओढा होता, आणि त्यामुळे विभागाच्या नावातले नागरिकशास्त्र हळूहळू मागे पडले. पण शहराचा धागा पुरता तुटला मात्र नाही. त्यांच्या विभागातूनच गो. र. प्रधान यांचा मुंबई शहरातील अस्पृश्य कामगारांविषयीचा प्रबंध निपजला. 1938 साली तो ग्रंथरूपाने निघाला तेव्हा त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रस्तावना होती.

दुसरी शाखा वाढली नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईस आलेल्या डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांचे शिक्षण शिकागोस झालेले. 1926 साली त्यांनी 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू केले ते कामाठीपुऱ्याच्या अगदी लगतच्या वस्तीत. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदू असा नाना धर्मांचा आणि नाना भाषांचा तो शेजार होता. तेथे दवाखाना होता, वाचनालय होते, वर्ग होते, मुलांचे खेळ होते. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने 1936 मध्ये जेव्हा समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय काढण्याचे ठरले, तेव्हा त्याचे पहिले वर्ग याच इमारतीत भरले आणि मॅनशार्ट हेच त्याचे पहिले संचालक झाले. दोन वर्षांच्या त्या पदविकेत पुस्तकी विषयांइतकेच वजन क्षेत्रकार्याला होते. आणि क्षेत्र शोधावयास दूर जाण्याचे कारणच नव्हते, कारण दरवाजाबाहेर पाऊल टाकले की ते सुरू होई. विद्यालयाचे 1944 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले, 1954 मध्ये ते देवनारच्या प्रशस्त आवारात गेले आणि दहा वर्षांनी त्याला विद्यापीठसमान दर्जा मिळाला. मान वाढला, जागा वाढली. पण क्षेत्र मात्र दरवाजापासून दूर गेले.

तिसरी शाखा सरकारी फर्मानाने अस्तित्वात आली. विद्यार्थ्यांनी समाजसेवा करावी ही सूचना राधाकृष्णन आयोगापासून कोठारी आयोगापर्यंत पुनःपुन्हा झाली होती. अखेर गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील सुमारे 40,000 विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला 120 तासांची सेवा, दोन वर्षांचे 240, आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा तपशील. या योजनेने वस्तीचे दर्शन मूठभर तज्ज्ञांपुरते न ठेवता वाणिज्य आणि विज्ञानाच्या सामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु बार्नेट यांच्या रहिवाशाचा काळ वर्षांनी मोजला जाई, तो येथे तासांनी मोजला जाऊ लागला. आणि तास मोजावयाचे म्हटले की नोंदवही आली, नोंदवही आली की ती भरण्याची कला आली.

अशा रीतीने पाहणी समाजशास्त्राकडे, निवारण समाजकार्याकडे आणि विद्यार्थ्याचे घडणे सेवा योजनेकडे अशी वाटणी पुरी झाली. प्रत्येक वाटेकऱ्याने आपली शेती उत्तम कसली, यात शंका नाही. परंतु समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला वस्तीविषयी कणव वाटण्याची, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला तिचा पूर्वेतिहास ठाऊक असण्याची, आणि शिबिरार्थ्याला या दोहोंपैकी काही कळण्याची सक्ती उरली नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या महाविद्यालयांतील श्रेयांकांच्या रचनेत क्षेत्र-प्रकल्प आणि समुदाय-सहभाग यांची तजवीज झाली आहे, म्हणजे विभक्त झालेली भावंडे पुन्हा एका छपराखाली आणण्याचा घाट घातला गेला आहे. तो स्वागतार्ह आहे. पण केवळ खाती एकत्र केल्याने कुळ एकत्र येत नाही.

कारण या सबंध इतिहासात एक बाब आरंभापासून अनुत्तरित राहिली आहे. व्हाइटचॅपलपासून नागपाड्यापर्यंत विद्यार्थी वस्तीत गेला, तिने त्याला शहाणा केला, त्याची पदवी सजविली, पुढे काहींना अधिकारपदे मिळवून दिली. परंतु या विद्यार्थ्याचे वर्तन कसे होते, त्याने विचारलेले प्रश्न कामाचे होते की नाही, गेल्या वर्षी लिहून नेलेल्या पाहणीचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा अधिकार वस्तीला कोणत्याही नियमावलीने दिलेला नाही. ज्या गुरूने शिकविले त्याच्याच हाती गुणपत्रिका नाही, असा हा चमत्कारिक व्यवहार आहे. तेव्हा नव्या अभ्यासक्रमाचे मसुदे करणाऱ्यांनी श्रेयांक चार असावेत की सहा, याचा खल जरूर करावा. मात्र अहवाल विद्यापीठाच्या दफ्तरी दाखल होण्यापूर्वी तो ज्या आळीविषयी लिहिला त्या आळीत, तेथील लोकांच्या भाषेत, त्यांच्या समक्ष वाचला जावा, आणि त्यांचा आक्षेप त्याला जोडूनच तो तपासनिसाकडे जावा, एवढे एक कलम त्यात घालावे. त्यास खर्च फारसा नाही, नवे खातेही लागत नाही. आणि बार्नेट यांनी ज्या शेजाराची अपेक्षा धरली होती, त्यात शेजाऱ्याला प्रथमच बोलण्याची मुभा मिळेल.