न्यूयॉर्क ते नागसेनवन

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बीडहून परळीकडे जाताना तेलगाव लागते. साखर कारखान्याचा हा परिसर. गाळपाच्या दिवसांत इथे उसाच्या वाहनांची रांग असते आणि त्याच दिवसांत जिल्ह्यातली हजारो कुटुंबे बिऱ्हाड बांधून दूरच्या कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेली असतात. अशाच एका गृहस्थांनी तेलगावात व्याख्यानानंतर मला गाठले. म्हणाले, “सर, पोरगी म्हणती परदेशात शिकायचंय. एवढ्या लांब धाडली तर ती आपली राहील का?”

तोडीला गेलेला माणूस हंगाम संपला की परत येतो. शिकायला गेलेला माणूस परत येताना काय घेऊन येतो? या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातच आहे.

१९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्याला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती, तीही तीन वर्षांपुरती. त्या तीन वर्षांत त्याने अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांचे प्राथमिक वर्गही केले.

तिथल्या गुरुजनांमध्ये जेम्स हार्वे रॉबिन्सन होते. इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत, माणसांचे विचार कसे बदलत गेले हाही इतिहासच, असे ते मानत. पश्चिम युरोपातल्या विचारांच्या इतिहासावरचा त्यांचा अभ्यासक्रम गाजलेला होता. जॉन ड्यूई तत्त्वज्ञान शिकवत. अठराव्या शतकात युरोपात ज्ञानोदयाचे जे वारे वाहिले, त्याचे सार जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८४ साली एका निबंधात मांडले होते. स्वतःची बुद्धी वापरण्याचे धाडस करा, असा त्याचा आशय. पोथीत आहे म्हणून, राजा सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. कोलंबियातले शिक्षण याच वाटेवरचे होते. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूईंचे ऋण उघडपणे मान्य केले आहे.

शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये ते परतले. करारानुसार बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव आला आणि ती जागाही सुटली. परदेशाने माणूस बदलला होता, गाव बदलले नव्हते. एखादा तिकडेच कायमचा निघून गेला असता. बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, पण राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी. बॅरिस्टर होऊन ते परत आले आणि डी.एस्सी. पदवीही त्यांना मिळाली.

आता आपल्या भागाकडे वळू. बीड जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम होते उर्दू. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला, त्यातही दलिताच्या मुलाला, हे सारे कोसो दूर. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला आणि १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्याला नाव मिळाले ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’.

नावात मोठा अर्थ आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा बौद्ध भिक्षू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात चर्चेआधी नागसेन एक अट घालतो: पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजासारखे बोलणार असाल तर नाही. पंडित खोडून काढतात, मान्यही करतात, पण रागावत नाहीत. राजाला मात्र विरोध केला की शिक्षा होते. बुद्धीने, निर्भयपणे वाद करण्याची ही रीत आपल्या मातीतही होती, हे बाबासाहेबांनी एका नावातून मुलांपुढे ठेवले. १९५४ साली आकाशवाणीवरच्याच भाषणात त्यांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत.

मिलिंदची गोष्ट एका पिढीपुरती राहिली नाही. प्रा. म. ना. वानखेडे अमेरिकेत पीएच.डी. करून आले आणि या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची त्यांनी इथल्या तरुणांना ओळख करून दिली. १९६७ च्या सुमारास इथूनच ‘अस्मिता’, पुढचे ‘अस्मितादर्श’, हे नियतकालिक निघाले. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते वाढवले आणि गावकुसाबाहेरची मुले त्यात लिहू लागली.

तेलगावच्या त्या गृहस्थांना मी एवढेच म्हणालो, “मुलीला जाऊ द्या. ती परत आली की तुम्हाला अवघड प्रश्न विचारील. तेव्हा मात्र राजासारखे बोलू नका.”

ते हसले. मग थोडे थांबून म्हणाले, “प्रश्न तर ती आत्ताच विचारती.”