चौघांचा समान वाटा

लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुधा गायकाच्या नावाने लिहिला जातो. साथीदारांची नावे त्यात क्वचितच उरतात. अमेरिकेतील ‘आर. ई. एम.’ या रॉक वाद्यवृंदाची कथा यास अपवाद आहे. सभामंडपातील भजनात टाळकऱ्याचे व मृदंगियाचे मोल जाणणाऱ्या वाचकांस ती म्हणूनच सांगण्याजोगी वाटते.

जॉर्जिया राज्यातील अथेन्स हे विद्यापीठाचे गाव. तेथील ध्वनिमुद्रिकांच्या एका दुकानात पीटर बक हा तरुण विक्रेता होता. मायकेल स्टाइप हा कलेचा विद्यार्थी तेथे गिऱ्हाईक म्हणून येई. दोघांच्या आवडी जुळल्या. पुढे माइक मिल्स आणि बिल बेरी हे शाळासोबती त्यांस येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० रोजी, एका वाढदिवसाच्या निमित्ताने, चौघांनी पहिल्यांदा लोकांसमोर वादन केले, ते उपासना बंद पडलेल्या एका जुन्या चर्चमध्ये. ती वास्तू १९९० साली पाडण्यात आली. तिचा मनोरा मात्र राखला गेला.

त्या काळी मोठी व्यापारी नभोवाणी केंद्रे ठराविक गाणीच वाजवीत. नवख्यांस तेथे प्रवेश नव्हता. परंतु विद्यापीठांतून विद्यार्थ्यांनीच चालविलेली छोटी केंद्रे होती, आणि त्यांस धंद्याची चिंता नव्हती. १९८१ साली एका लहानशा संस्थेने काढलेली या चौघांची पहिली तबकडी या केंद्रांवरून गावोगाव पोहोचली. मोटारगाडीत वाद्ये भरून लहान लहान सभागृहांतून ते हिंडले. १९८३ साली त्यांचा ‘मर्मर’ हा गीतसंग्रह निघाला. ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी मायकेल जॅक्सनच्या जगप्रसिद्ध ‘थ्रिलर’ला मागे सारून त्यास त्या वर्षीचा सर्वोत्तम संग्रह ठरविले. खपाची गोष्ट निराळी होती; दशलक्षांचा पल्ला त्यांनी गाठला तो १९८७ च्या ‘डॉक्युमेंट’ या पाचव्या संग्रहाने. १९८८ साली ते ‘वॉर्नर ब्रदर्स’ या मोठ्या संस्थेकडे गेले. १९९१ सालचे ‘लूझिंग माय रिलिजन’ हे मँडोलिनवर उभारलेले गीत तर जगभर गाजले. शब्दशः पाहता धर्मभ्रष्टतेचा भास करून देणारे हे शब्द अमेरिकेच्या दक्षिणेत ‘संयम सुटणे’ या अर्थाने वापरले जातात. या गीताचे चित्रण केले ते भारतात जन्मलेल्या तरसेम सिंग या दिग्दर्शकाने.

एवढे यश पचविणे सोपे नसते. कीर्ती व द्रव्य दारी आले की कर्तेपणाचा वाद उपस्थित होतो, आणि मंडळी फुटतात. या चौघांनी त्यावर प्रारंभीच उपाय योजला होता. चाल कोणासही सुचलेली असो, रचनाकार म्हणून चौघांचीही नावे लागत, तीही वर्णानुक्रमाने, आणि मोबदल्याचे चार समान वाटे होत. महत्त्वाच्या निर्णयांत एकाचा नकार हा सर्वांचा नकार समजला जाई.

या नियमाची खरी कसोटी पुढे लागली. १९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये कार्यक्रम चालू असतानाच ढोलवादक बेरी यास मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार उद्भवला. शस्त्रक्रियेने तो वाचला. तथापि १९९७ साली त्याने निवृत्त होण्याची इच्छा प्रकट केली. आपल्या जाण्याने वृंद मोडणार असेल तर आपण जाणार नाही, हेही त्याने सांगितले. तेव्हा उरलेल्या तिघांनी वाटचाल चालू ठेवली, आणि सप्टेंबर २०११ मध्ये, कोणतेही भांडण न होता, परस्परांच्या संमतीने ती थांबविली.

एकतीस वर्षांच्या या प्रवासात गाजलेली गाणी पुष्कळ आहेत. परंतु मागाहून येणाऱ्यांनी जपून ठेवावे असे त्यांतील खरे धन म्हणजे तो समान वाट्याचा करार होय. गळा एकाचा असला तरी गाणे सर्वांचे असते, हे त्यांनी तोंडाने सांगितले नाही. हिशेबाच्या वहीत लिहून पाळले.