वालाचा दाणा व विज्ञानाचें दार

सन १९३३ मध्यें मुंबई विश्वविद्यालयाच्या बी. एस्सी. परीक्षेंत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें प्रवेशासाठीं अर्ज केला. वडील व चुलते त्याच संस्थेंत रसायनशास्त्र शिकलेले. तरीहि अर्ज नाकारला गेला. गुणांत कांहीं उणें नव्हतें. अर्जदार स्त्री होती, एवढेंच. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. प्रकाशाचें गूढ उकलणाऱ्या या थोर पुरुषालाहि आपल्या काळाची समजूत ओलांडतां आली नाहीं.

कमलाबाई स्वतः बंगलोरास गेल्या आणि कारण विचारूं लागल्या. अखेर वर्षभर परीक्षाधीन राहावें, मार्गदर्शक सांगतील त्या वेळीं काम करावें व प्रयोगशाळेचें वातावरण बिघडूं देऊं नये, अशा अटींवर प्रवेश मिळाला. हा अपमान त्यांनीं उतारवयांतहि बोलून दाखविला.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभिला. ‘प्रथिन’ हा शब्द एक असला, तरी वस्तु एक नव्हे. सुमारें २० प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी निरनिराळ्या क्रमानें ओंवले, कीं निरनिराळीं प्रथिनें होतात. तांदळांत लायसीन हें आम्ल कमी, तें डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनीन उणें, त्याची भर तांदूळ घालतो. वरणभाताच्या जोडींत हें मर्म आहे.

वर्षाअखेर रामन यांचें समाधान झालें आणि संस्थेचें दार पुढें इतर मुलींसहि उघडलें. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींच्या श्वसनांत भाग घेणारें सायटोक्रोम सी हें प्रथिन त्यांनीं बटाट्याच्या अभ्यासांतून दाखवून दिलें, व १९३९ सालीं पीएच. डी. मिळविली.

विवाहानंतर डॉ. कमला सोहोनी या नांवानें मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें काम करीत असतां त्या पुन्हां कडधान्यांकडे वळल्या. पचनरसांतील ट्रिप्सिनला अटकाव करणारीं प्रथिनें वाल व डबल बी यांतून स्फटिकरूपानें वेगळीं केल्याचें वृत्त त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें १९५५ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. असा अटकाव चांगलें शिजविल्यानें बहुतांशीं नाहींसा होतो. वाल नीट शिजवूनच वाढण्याच्या घरगुती रीतीमागील कारण असें प्रयोगशाळेंत हातीं लागलें.

१९९८ सालीं कमलाबाई निवर्तल्या. त्यांची कथा विजयाची म्हणून सांगितली जाते, व ती तशी आहेहि. परंतु त्यांच्याइतकी जिद्द ज्यांच्या अंगीं नव्हती, ज्यांच्या घरीं शिकलेले वडील नव्हते, अशा किती मुली दारावरूनच परतल्या, याची गणना कोणत्याहि संस्थेच्या दप्तरीं नाहीं. त्यांच्याबरोबर किती प्रश्न अनुत्तरित राहिले, हेंहि कोणास सांगतां येणार नाहीं. ताटांतील साध्या वालाकडे कुतूहलानें पाहणारी दृष्टि कोणत्या घरांतून येईल, हें आधीं कळत नाहीं. म्हणून विज्ञानाचें दार ठोठावण्यापूर्वींच उघडें असलें पाहिजे.