दलित पँथर

दलित पँथर ही १९७२ साली मुंबईत स्थापन झालेली दलित युवकांची लढाऊ संघटना होय. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे हे तरुण लेखक-कवी तिचे प्रमुख नेते होते. ग्रामीण भागातील दलितांवरील अत्याचारांचा प्रतिकार करणे हे तिचे तातडीचे उद्दिष्ट होते, तर जातिव्यवस्थेचा अंत हे अंतिम ध्येय होते. मूळ संघटना १९७७ मध्ये विसर्जित झाली. ती कोणत्याही राजकीय पक्षाची युवक शाखा नव्हती. प्रस्थापित पक्षांवरील, स्वतःच्या समाजाच्या पक्षावरीलही, अविश्वासातून ती जन्माला आली. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रातील युवक चळवळींच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे.

पार्श्वभूमी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. मात्र अल्पावधीतच हा पक्ष गटबाजीने दुभंगला आणि त्यातील काही नेते सत्ताधारी काँग्रेसच्या आश्रयाला गेले. याच काळात मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय अशा संस्थांतून शिकलेली दलितांची नवी पिढी पुढे येत होती. या तरुणांना शहरात शिक्षण मिळाले होते. पण त्यांचे आप्त गावकुसाबाहेरच राहत होते. राज्यघटनेने दिलेली समता आणि गावातील वास्तव यांतील अंतर ते प्रत्यक्ष अनुभवत होते.

अस्पृश्यतेच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी १९६५ मध्ये नेमलेल्या इलैया पेरुमल समितीच्या अहवालाने देशभरातील अत्याचारांचे भीषण चित्र उघड केले. पुणे जिल्ह्यातील बावडा येथे दलितांवर घातलेला सामाजिक बहिष्कार आणि परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची झालेली विटंबना या घटनांनी तरुणांमधील असंतोषाला तोंड फुटले.

स्थापना व कार्यपद्धती

अमेरिकेत कृष्णवर्णीय युवकांनी १९६६ मध्ये स्थापन केलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून संघटनेचे नाव घेण्यात आले. स्थापनेच्या वेळी ढसाळ अवघे तेवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. ढाले लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आले होते. वडाळा येथील सिद्धार्थ विहार हे वसतिगृह कार्यकर्त्यांच्या बैठकांचे एक प्रमुख केंद्र होते.

संघटनेच्या शाखांना ‘छावणी’ म्हणत. अत्याचाराची वार्ता कळताच कार्यकर्ते त्या गावी जात, पीडित कुटुंबाला धीर देत, पोलिसांना गुन्हा नोंदवण्यास भाग पाडत आणि सभा, मोर्चे व लेखन यांद्वारे घटनेला वाचा फोडत. सदस्यांची नोंदणी, वर्गणी, घटना, निवडणुका अशी पक्षीय चौकट मात्र फारशी उभी राहिली नाही. त्यामुळे संघटना वेगाने पसरली. परंतु मतभेद मिटवण्याची यंत्रणाही तिच्याजवळ राहिली नाही.

‘काळा स्वातंत्र्यदिन’

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त साधना साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख प्रसिद्ध झाला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला होणारी शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला होणारी शिक्षा यांची तुलना करून त्यांनी स्वातंत्र्याच्या अर्थालाच आव्हान दिले. लेखातील भाषेवरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. या वादामुळे पँथरचे नाव मध्यमवर्गीय वाचकांपर्यंत पोहोचले. तथापि चर्चा अत्याचारांपेक्षा ध्वजाविषयीच्या शब्दांभोवती अधिक फिरली.

जाहीरनामा

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दाची व्याप्ती वाढवली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक वा धार्मिक कारणांनी ज्यांचे शोषण होते असे सर्वजण दलित होत, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. या मांडणीवर मार्क्सवादी विचारांचा प्रभाव असल्याचा आक्षेप ढाले यांनी घेतला. बुद्ध आणि आंबेडकर यांच्या विचारांवरच चळवळ उभी राहावी, अशी त्यांची भूमिका होती. लढा जातीविरुद्ध की वर्गाविरुद्ध, हा या मतभेदाचा गाभा होता.

वरळी दंगल व पोटनिवडणूक

जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबई लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक होती. पँथरने मतदानावर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. ५ जानेवारी रोजी वरळी येथील सभेवर दगडफेक झाली आणि बी. डी. डी. चाळींच्या परिसरात दंगल उसळली. १० जानेवारीच्या निषेध मोर्चावर झालेल्या हल्ल्यात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मृत्युमुखी पडला. पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पराभूत झाले व भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे विजयी झाल्या. आपली मते गृहीत धरली जाणार नाहीत, हे दलित तरुणांनी मतदानापासून दूर राहून दाखवले. म्हणूनच हा बहिष्कार राजकारणाविषयीची उदासीनता ठरत नाही; तो राजकीय सहभागाचाच एक प्रकार होता.

फूट व विसर्जन

वैचारिक मतभेद आणि नेतृत्वाची स्पर्धा यांमुळे १९७४ मध्येच संघटनेत फूट पडली. मार्च १९७७ मध्ये ढाले व पवार यांनी संघटना विसर्जित केल्याचे जाहीर केले. हा निर्णय अमान्य असलेल्या अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे आदींनी भारतीय दलित पँथर या नावाने कार्य पुढे चालू ठेवले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनात या संघटनेने मोठा वाटा उचलला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला.

प्रभाव

दलित साहित्याच्या प्रवाहाला पँथरने रस्त्यावरील आंदोलनाचे बळ दिले. १९८० च्या दशकात तमिळनाडूतील मदुराई येथे याच नावाची चळवळ सुरू झाली. थोल. तिरुमावळवन यांच्या नेतृत्वाखाली पुढे तिचे विदुतलै चिरुतैगल कच्ची या राजकीय पक्षात रूपांतर झाले. महाराष्ट्रात मात्र पँथरच्या प्रभावाचे रूपांतर एकसंध राजकीय शक्तीत होऊ शकले नाही आणि तिचे नेते पुढे निरनिराळ्या गटांत व पक्षांत विभागले गेले. तरीही अत्याचाराची घटना घडताच घटनास्थळी पोहोचणे, गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरणे आणि तो प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणणे, ही पँथरने रूढ केलेली पद्धत पुढील पिढ्यांतील कार्यकर्त्यांनी स्वीकारली.